सालीचं पाणी

प्रभादेवी, चैत्र वद्य पंचमी, शके १८२०

प्रिय रघू,

घाईत लिहितोय, अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. आपली केस उभी राहिली रे! माझ्या धोंडूदादाचा खून प्लेगचा मृत्यू म्हणून मिटवू पाहत होते, ते आज गिरगावच्या कोर्टात उघडं पडलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी खटला हायकोर्टात ज्युरीपुढे पाठवला. आपले हेरंब वकील आनंदात पगडी आतच विसरून आले. मी धावत जाऊन आणली.

आरोपींचे वकील म्हणाले, कोळ्याने विहिरीत विष कालवलं, पाणी लाल झालेलं बायकांनी पाहिलं. आता तुला काय सांगायचं? जाळं टिकावं म्हणून आम्ही ते झाडाच्या सालीच्या लाल पाण्यात उकळतो. त्याला गोडंच पाणी हवं, असा दादाचा हट्ट, म्हणून तो परळला तुमच्या चाळीच्या विहिरीवर यायचा. त्या दिवशी त्याने पोहरा सालीच्या हंड्यात बुडवला आणि न धुता तसाच विहिरीत सोडला. आमच्या कोळीवाड्यात कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण प्लेगचे दिवस, माणूस माणसाला भीत होता, त्यात लाल पाणी. बाबा, हे काय आहे, एवढंही कुणी विचारलं नाही, सरळ काठ्या चालवल्या. विचारलं असतं तर दादाने समोरचा कंटाळेपर्यंत सांगितलं असतं; त्याची सवय तुला ठाऊक आहे.

आज त्याची बायको, आपली सोनूवहिनी, साक्षीला उभी राहिली. घरून तांब्या भरून आणला होता. हेच ते विष, म्हणाली, आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायली. त्या तुरट पाण्याने तोंड असं वेडंवाकडं झालं, की साहेबसुद्धा हसू दाबत होते. मग पदराने तोंड पुसून, आरोपींकडे हात करून म्हणाली, “माज्या घोवाला कुनी येक सबूद इचारला नाय. यांना तरी इचारा, मंग काय ती सजा द्या.” मला भर कोर्टात रडू आलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू मालवणला गेलास तो प्लेगला भिऊन नव्हे, हे मी जाणतो. तू खिडकीतून सगळं पाहिलंस, आणि मारणाऱ्यांत तुझा सख्खा भाऊ दौलत होता. आमची पोरं वल्ही घेऊन त्याला शोधत होती, तेव्हा मीच त्याला पोलीस चौकीत नेऊन बसवलं. तो म्हणतो, एक काठी मारली खरी, पण दादा पडल्यावर बाकीच्यांना मागे ओढलं. मला त्याचं खरं वाटतं, पण माझ्या वाटण्याने काय होतं? खटला पुढे गेला खरा, पण मारताना पाहिलेले बाकी साक्षीदार आता फिरले आहेत. तू आला नाहीस तर सगळेच सुटतील, दौलतही. आणि तो सुटला की तुरुंगाच्या दाराशी आमची पोरं उभी असतील, तेव्हा ती माझं ऐकणार नाहीत. त्यालाही कुणी काही विचारणार नाही. म्हणून ये, रघू. त्याने मारलं तेही सांग, आवरलं असेल तर तेही सांग. शिक्षा होईल, पण जिवंत घरी येईल. माझा भाऊ गेला, निदान तुझा तरी राहू दे.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
उत्तम