साहेबरावांच्या डिस्कचे दोन पासवर्ड

मी, सत्यभामा साहेबराव गाडेकर, वय वर्षे सहासष्ट, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या नणंदबाईंचा त्यावर विश्वास बसणार नाही.

१. पडेगावचं राहतं घर मुलगी विशाखा हिला. काडीमोड झाल्यावर "दोन दिवस राहते" म्हणून ती आली. आता घर तिचंच. पंखा लावायलासुद्धा विचारते, ते तिनं बंद करावं.

२. औरंगपुऱ्यातलं लग्नाच्या शूटिंगचं दुकान, कॅमेरे व दिवे मुलगा गोकुळ याला. तोच ते चालवतो. बँकेतली ठेव दोघांना निम्मी-निम्मी. पैठणी सून सोनिया हिला. तिनं ती नेसावी, कपाटात कुजवू नये.

३. नणंद रत्नमालाबाई यांना माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाची फीत. विशाखाचं मोडल्यावर "मला मांडवातच दिसलं होतं" असं बाई सगळ्या भावकीत सांगत फिरल्या. मांडवात त्यांचं लक्ष कुठं असतं ते या फितीत दिसतं. रुखवतातला एक अनारसा तोंडात, दुसरा पदराखाली. सप्रेम भेट.

४. आता खरी गोष्ट, म्हणजे काळी हार्ड डिस्क.

माझे यजमान कै. साहेबराव शूटिंग करायचे, संगणकावर जुळवाजुळव मी करायची. डिस्कला आतून काही सांगायचं तर तिथं माउस कामाचा नाही. काळ्या पडद्यावर 'एचडीपार्म' हा हुकूम टाइप करावा लागतो. तो थेट डिस्कच्या फर्मवेअरला, म्हणजे तिच्या स्वतःच्या मेंदूला जातो. किती वेळानं झोपायचं, आवाज किती करायचा, सगळं ती निमूट ऐकते. या घरात माझं इतकं ऐकणारं दुसरं कोणी नाही!

त्या डिस्कवर विशाखाच्या लग्नाचं शूटिंग आहे. जन्मभर कॅमेऱ्यामागे राहिलेला हा माणूस एकदाच चित्रात आला, तो लेकीच्या पाठवणीला. कॅमेरा माझ्या हातात कोंबला आणि पोरीला मिठी मारून ढसाढसा रडला. चित्र लई तिरकं आलं, पण माणूस दिसतो. त्यांचं हलतंबोलतं चित्र तेवढंच.

त्यांच्या वर्षश्राद्धाला गोकुळनं तो तुकडा भावकीच्या ग्रुपवर टाकला. जावई कापून काढला होता, पण त्याचा हात विशाखाच्या खांद्यावर राहिलाच. तिनं घर डोक्यावर घेतलं. "माझा संसार जळला, त्याच्यावर तुम्ही डोळे पुसता व्हय?" गोकुळ म्हणाला, "ते माझेबी बाप होते ना, ताई." त्यानं तुकडा लगेच काढून टाकला, पण त्या दिवसापासून बहीणभाऊ बोलत नाहीत. खरं सांगते, मला दोघांचंही पटतं. त्याचाच त्रास आहे.

म्हणून बाकीच्या सगळ्या प्रती मी गोकुळकडून पुसून घेतल्या आणि या डिस्कच्या फर्मवेअरलाच कुलूप घातलं. कोणत्याही संगणकाला जोडा, उघडणार नाही. या कुलपाला दोन पासवर्ड असतात. युजर पासवर्डनं डिस्क उघडते. मी सर्वांत कडक प्रकार निवडला आहे, त्यात मास्टर पासवर्डनं उघडत काहीच नाही, फक्त सगळी डिस्क पुसता येते.

उघडायचा पासवर्ड गोकुळला. पुसायचा पासवर्ड आणि खुद्द डिस्क विशाखाला. ज्याचा त्याला मी कानात सांगेन, या कागदावर लिहिणार नाही. लग्न तिचं होतं, तर पुसण्याचा हक्कही तिचाच. तिनं पुसलं तर गोकुळनं चकार शब्द काढू नये.

इथवर लिहिलं आणि विशाखा चहा घेऊन आली. तिनं उभ्यानंच वाचलं. मी म्हटलं, "बोल की काहीतरी." म्हणाली, "आई, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तू गेल्यावर मी ती पुसणार. पण तू आहेस तवर नाय. तू बघ बाबांना." आणि माझ्याजवळ बसून रडली. मीही रडले. चहा निवून गेला.

५. तेव्हा मृत्युपत्र मेल्यावर वाचायचं, ही रीत मी मोडते. याची एक प्रत आजच गोकुळला पाठवत आहे. गोकुळ, बापाला बघायचं असेल तर मी आहे तोवरच बघता येईल. या रविवारी घरी ये, डिस्क मी उघडते. दार विशाखा उघडेल. तिला ताई म्हणून हाक मार, मग माझ्याशेजारी येऊन बस. लवकर ये रे बाबा, मी काही जन्माला पुरणार नाही.

ठिकाण : पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १४ जानेवारी २०२५

(सही) सत्यभामा साहेबराव गाडेकर

सत्यभामाबाईंनी आमच्यादेखत, वाचून व समजून सही केली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार :
(सही) कचरू सांडू तुपे, शेजारी
(सही) मोनिका अभय साळवे, शेजारी