'डाऊन मेल'चा ड्रमवाला

१२ फेब्रुवारी २००१, सोमवार

कीथ येतोय! त्याच्या आईनं, डॉरीन आंटीनं, स्वतः पार्सल ऑफिसात येऊन सांगितलं. ऑस्ट्रेलियाहून, सव्वीस वर्षांनी. दौंडचा बंगला शिरूरच्या कुणाला तरी विकलाय, आता आंटीला कायमची घेऊन जाणार.

दिवसभर वजनकाट्यावर यवतच्या गुळाच्या ढेपा. गुडघे गेलेत. तरी डोक्यात एकच — रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल, नाचाची लाकडी जमीन, कीथची इलेक्ट्रिक गिटार. आमचा बँड 'डाऊन मेल'. इंग्रजी रॉक, आणि मागं ड्रमवर मी. गाण्याचा शब्द कळायचा नाही, पण छातीत इंजिन सुरू व्हायचं. आता कशानंच तसं होत नाही.

१४ फेब्रुवारी

चांगुणाला पुन्हा सगळं सांगितलं. बिचारी भाकरी थापत ऐकत होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तेव्हापासून ऐकतेय. म्हणाली, कीथला जेवायला बोलवा. एक शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

१५ फेब्रुवारी

कीथ आज येणार होता, नाही आला. कंटाळा आलाय.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आला — थेट पार्सल ऑफिसातच. टक्कल पडलंय, पोट सुटलंय. टेम्पोतून जुना ड्रमसेट उतरवला. कलकत्त्याच्या चुलतभावाला पाठवायचा होता. मला ओळखलं नाही. वजन करा म्हणाला.

केलं वजन. पत्ता लिहिला. ड्रमच्या कातड्यावर बोटभर धूळ. मग राहवलं नाही. म्हटलं, मी साहेबराव, 'डाऊन मेल'चा. बघत राहिला. मग हसला — प्रेमानंच.

"अरे हाँ! तुम दरवाज़े पे पास चेक करता था ना?"

ड्रमवर ट्रेव्हर असायचा, तो गेल्या वर्षी वारला, हेही त्यानंच सांगितलं. मी पावती फाडून दिली. जेवणाचं बोललोच नाही.

१८ फेब्रुवारी

चांगुणाला सांगितलं की त्यानं मिठी मारली, पण घाईत आहे, जेवायला जमणार नाही. ती बरं म्हणाली.

१९ फेब्रुवारी

ड्रम गेले. गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, सामानाच्या डब्यात, मीच चढवले.

इथं तरी खरं लिहावं. मी दारावरच असायचो. एका ख्रिसमसला ट्रेव्हर दारू पिऊन आडवा झाला, तेव्हा कीथनं मला बसवलं. तीन गाणी वाजवली. चौथ्याला ट्रेव्हर उठला. बाकीचं सगळं मी सांगता सांगता वाढवलं — इतकं की मलाच खरं वाटायला लागलं. कीथला ती तीन गाणीसुद्धा आठवत नाहीत. आठवण करून द्यायचं त्राण माझ्यात नव्हतं.

२१ फेब्रुवारी

आंटी आणि कीथ गेले. गाडी सुटल्यावर घरी आलो आणि चांगुणाला खरं काय ते सांगून टाकलं. गहू निवडत होती. मान वर केली नाही.

"ठाऊक हाय मला. लगीन झालं त्याच साली आंटीनं बाजारात सांगितलं व्हतं."

मग चोवीस वर्षं गप्प का राहिलीस, विचारलं. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तुमी सांगाया लागलं की तुमचं हात मांडीवर वाजाया लागायचं. ते बघाया बरं वाटायचं मला."