स्टॉलशिवाय गेम खपत नाही

२ जुलै, बुधवार
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. खरं तेच लिहायचं.
खरं हे की 'घाटाचा राजा' हा माझा बैलगाडा शर्यतीचा गेम तयार आहे. शेवटच्या दोन लेव्हल सोडून. बंगळुरूच्या पब्लिशर रेणुका मॅडमचा मेल आला. यंदा आपल्या भागातून एकच गेम घेणार. आपल्या भागात गेम बनवणारे दोघंच. तळेगावात मी, वराळ्यात प्रज्ञेश. तो माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसून ॲनिमेशन शिकला. त्यामुळे स्पर्धा अशी नाहीच.
माझा गेम घेतला नाही तर पुन्हा चाकणच्या कंपनीत जायचं, असं बायकोशी, आसावरीशी ठरलंय. तिला तेवढाच धीर.

५ जुलै, शनिवार
प्रज्ञेशने गेम ऑनलाइन जाहीर केला. स्वतःच्या गच्चीवरून, मोबाइलवर. त्याची आई भागुबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सांगते की खाचरात खेकडं धरायचा गेम हाय, लय मजा येती, तुमी बी खेळा. संपलं.
याला घोषणा म्हणतात? ना स्टेज, ना फ्लेक्स.
मला हेवा वगैरे वाटला नाही. व्हिडिओ परत परत बघावा लागला कारण वाऱ्यामुळे आवाज नीट नव्हता.

८ जुलै, मंगळवार
लाखावर व्ह्यूज. ब्राझीलचा कुणी माणूस भागुबाईंना मावशी म्हणतोय. पोटात जळजळ. सकाळची मिसळ बाधली असावी.
प्रज्ञेशचं म्हणणं, आता मोठमोठे लोकसुद्धा प्रदर्शनं सोडून ऑनलाइन घोषणा करतात. करू देत. माणसाने स्टॉलवर यावं, गेमला हात लावावा, चहा घ्यावा. त्याशिवाय विश्वास बसत नाही. ठरलं. लोणावळ्यात 'मावळ गेम महोत्सव'. रविवार, ३ ऑगस्ट. रेणुका मॅडम येते म्हणाल्या.

१२ जुलै, शनिवार
कुरवंड्याच्या रस्त्याला हॉल मिळाला. श्रावणात लग्नं नाहीत, त्यामुळे लगेच. फक्त चार वाजता सोडायचाय, नंतर कुणाचं डोहाळजेवण आहे.
आसावरी म्हणाली, पावसाळ्यात रविवारी लोणावळ्याची माणसंसुद्धा घराबाहेर पडत नाहीत, हॉल तळेगावातच घे. तिला समजावलं की तिथे गर्दी आयतीच असते, आपण फक्त दार उघडायचं. ती शाळेत गणित शिकवते. मार्केटिंग वेगळं.

२० जुलै, रविवार
वराळ्याला जाऊन प्रज्ञेशला आमंत्रण दिलं. त्याने यावं आणि खरी घोषणा कशी असते ते बघावं. भागुबाईंनी खेकड्याचा रस्सा केला. तुमी शिकवलं म्हून पोरगं शिकलं, तुमचं बी चांगलं व्हईल, म्हणाल्या. रस्सा उत्कृष्ट होता, त्याचा जास्त राग आला.
त्याचा गेम तिथेच खेळलो, चुका शोधायला. शोधता शोधता संध्याकाळ झाली. एकही सापडली नाही. इतकं सफाईदार करायचं काही कारण नव्हतं.

३१ जुलै, गुरुवार
मांडववाला गोरख म्हणाला, सत्कार ठेवल्याबिगर पावणं येत न्हाईत. म्हणून सत्कार ठेवले. थोडकेच. मग एकाला बोलावलं तर दुसरा रुसतो, म्हणून दुसऱ्यालाही. गेमच्या शेवटच्या लेव्हल राहिल्यात, पण शाली आणायच्या होत्या.

३ ऑगस्ट, रविवार, सकाळी
हॉल फुलला. निम्मे सत्कारमूर्ती, निम्मे पावसातून आत शिरलेले पर्यटक. पर्यटकांना बाथरूम कुठे आहे एवढंच विचारायचंय.
मॅडमचा फोन. वलवणपासून गाड्या उभ्या आहेत, त्यांची हलत नाही.
प्रज्ञेश बाईकवरून आतल्या रस्त्याने वेळेत पोचला. लोक माझा स्टॉल सोडून त्याच्याबरोबर सेल्फी काढू लागले. मला ते बघवेना. मग सुचलं. त्यालाच सांगितलं, बाईक घेऊन जा आणि मॅडमना घेऊन ये. म्हणजे मॅडम येतील आणि हा इथून जाईल. स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुपारी
सत्कार अजून चालू. शाली संपल्या. आधी दिलेल्या मागून घेतल्या आणि पुढच्यांना दिल्या. एका आबांनी परत दिली नाही.
डोहाळजेवणवाले झोपाळा घेऊन आले. त्यांनी लायटिंगसाठी माझ्या स्टॉलची पिन काढली.
मॅडम आणि प्रज्ञेश आत आले. भिजलेले, हातात भाजलेली कणसं, दोघं हसताहेत. मी पिन पुन्हा लावली. बैल लोड होत होते. मॅडमनी थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाल्या, गाडीत अडकले होते तेव्हा प्रज्ञेशचा गेम मोबाइलवर खेळून झाला, बाकीचं बोलणं बाईकवर झालं, यंदाचा गेम ठरला.
गोरख म्हणाला, आता तुमीच सत्कार करा त्याचा. शाल माझ्याच हातात होती.

४ ऑगस्ट, सोमवार
खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. जळलो. शाल घालताना जास्त. तो पाया पडला तेव्हा आणखीच.

१३ ऑगस्ट, बुधवार
प्रज्ञेशचा फोन. मॅडम त्याला पुढच्या महिन्यात जपानला पाठवतायत. कशाला, तर प्रदर्शनाला. स्टॉल लावायला!
म्हणाला, दादा, मला स्टॉलमधलं काय कळत नाय, तुमी चला बरोबर, मॅडम तिकीट काढायला तयार आहेत.
मी म्हटलं, छे, प्रदर्शनांचा जमाना गेला, आता सगळं ऑनलाइन, मी येऊन काय करू.
आपल्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणतात. वाढणारा पुन्हा आग्रह करतो, मग आपण ताट पुढे करतो. तो बरं दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

१७ ऑगस्ट, रविवार
आग्रहाचा फोन आला नाही. वराळ्यात रेंजचा प्रॉब्लेम आहे. पासपोर्ट कपाटातून काढून ठेवला. आसावरीने विचारलं कशाला. म्हटलं, असाच, ऊन दाखवायला.

१ सप्टेंबर, सोमवार
चाकणला रुजू. तात्पुरता. आसावरीने डब्यात शिरा दिला होता.

१४ सप्टेंबर, रविवार
प्रज्ञेशचा फोन! पहिल्या रिंगला उचलला. दादा, एक विचारू का, म्हणाला. मी आता शहाणा झालोय. म्हटलं, हो. अरे हो, नक्की हो.
त्याला माझी चाकांची मोठी बॅग हवी होती.
पुसून ठेवलीय. एक चाक अडत होतं, त्याला तेल घातलं. उद्या सकाळी येऊन नेतो म्हणाला.