गोळी गरम पडते

४ जानेवारी
रोजनिशी, उशिराबद्दल माफ कर. ऑगस्टात मेंदूत रक्त सांडलं, तेव्हापासून उजवा हात एकसारखा हलतो. हे डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसू नये.

नातू शुभंकरचं लग्न सहा फेब्रुवारीला. इथे गुजरातेत, दांडिया बाजारातल्या मराठी नवरदेवांना चाळीस वर्षं फेटे मीच बांधले. मुलगा सलील म्हणाला, हात थांबला तर तुम्ही बांधा, नाहीतर रेडिमेड आणू. टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा फेटा! आमच्या घरात!

८ जानेवारी
डॉक्टरांनी हात थांबवणारी नवी गोळी दिली. पार्किन्सनवाल्यांना देतात म्हणे. मला तो रोग नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. ते गुजरातीत रिकाम्या पोटाचं काहीतरी बोलले. गोळी गरम पडते. म्हणून पेलाभर म्हशीच्या दुधाबरोबर घेतो. एवढी अक्कल मला आहे.

१५ जानेवारी
खूप फरक. काल दिवसभरात कप दोनदाच पडला.

२१ जानेवारी, सकाळ
शेजारच्या दत्ताजीरावांच्या डोक्यावर प्रॅक्टिस. फेटा नाकापर्यंत आला. आतून म्हणाले, "विश्वंभरराव, चहा तरी दिसू द्या." माणूस किरकोळ. डोकंही लहान.

२८ जानेवारी
गोळी कमजोर निघाली. दूध दोन पेले केलं. बायको नलिनी म्हणाली, डॉक्टरांना विचारा. बायकांचा स्वतःवर विश्वास नसतो.

३ फेब्रुवारी
डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशी घेता? अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुधाबरोबर घेतली तर गोळी नीट लागू पडत नाही." रिक्षात नलिनीने गोळ्यांचं पाकीट माझ्या खिशातून काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. फार वाईट लक्षण.
अजून तीन दिवस आहेत. पुष्कळ झाले. दूध बंद. फक्त साय.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
लग्न लागलं. फेटा रेडिमेड. खोक्यावर कुरिअरची तारीख होती १० जानेवारी. म्हणजे माझ्या दुसऱ्या गोळीलाच सगळ्यांनी हात टेकले होते.
शुभंकर वाकला, म्हणाला, "आजोबा, तुरा तरी तुम्हीच लावा." पहिल्यांदा पिन त्याच्या कानाला लागली. दुसऱ्यांदा सलीलला. मग नलिनीने माझं मनगट घट्ट धरलं, तेव्हा लागला.
मोबाईलवर फोटो आलाय. सगळे स्पष्ट. माझा हात तेवढा पुसट.
उजव्या हाता, धाकट्या नातवाचं, अनीशचं लग्न अजून बाकी आहे. दूध खरंच सोडलंय. सायसुद्धा. ताळ्यावर कधी येतोस ते लवकर कळव.