किराइताची बाटली

आय, आधीच सांगते, तू बरी झालीस यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तुझ्यामागून बा गेला, माझ्या घरात सून आली, तरी मधेच मनात येतं, आयनं मला फसवलं तर नाही ना? तू म्हणशील, मेल्यावर तरी सोड गं. पण मी आहे तशीच आहे. बाजारात भाजीवालीनं एक वांगं वर टाकलं, तर मी ते आधी उलटं करून किडकं आहे का बघते. या स्वभावावरून तू मला किती बोलायचीस. हल्ली मी अक्षरं शिकले आहे. सुनेनंच शिकवली, कर्जतच्या शाळेत गेलेली आहे ती. तेव्हा लिहिते, तुझ्यापर्यंत पोचणार नाही हे ठाऊक असून.

माझ्या धाकट्या भावाच्या बाळंतपणात तुझ्या पोटात कळा राहिल्या आणि सुईणीनं तुला अफूची गोळी दिली, मोहरीएवढी. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लावणीच्या दिवसांत सगळ्याच बाया पोरांना अफू चाटवून बांधावर निजवायच्या. पण तुझ्या मोहरीची मिरी झाली आणि मिरीचा वाटाणा. भात करपायचा आणि तू चुलीसमोर बसून हसायचीस. एकदा धाकटा रांगत विहिरीच्या काठाशी गेला आणि तू त्याच्याकडे बघत बसलीस, उठली नाहीस. शेजारणीनं उचलला त्याला. बा रेल्वेच्या गँगमध्ये होता, घाटातून दमून यायचा. त्या संध्याकाळी तो शांतपणे म्हणाला, "दिवाळीपतूर बघतो. नाय सुटली तर मुंबैला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घालतो." तिथं गेलेलं माणूस परत आलेलं आमच्या गावानं पाहिलं नव्हतं. मला रात्रंदिवस एकच भीती, आयला नेणार.

मग उपाय सुरू झाले. भगतानं कोंबडा घेतला आणि गुळात अंगारा कालवून गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तू अंगण सारवलंस, धाकट्याला न्हाऊ घातलंस, सगळे खूश. मी मात्र एक गोळी चाटून बघितली. गुळात अफूचं कडू कुठून आलं? मी बोलले, तर आजी म्हणाली, "देवाच्या अंगाऱ्याला नावं ठेवती, जीभ झडंल." त्यानंतर बानं बाजारातून एका कंपाउंडरकडून तांबडं औषध आणलं, अफू सोडवायचं, विलायती. ते गोड होतं, पण गिळल्यावर जिभेच्या मुळाशी तेच. या वेळी मी बोलले तेव्हा बानं थोबाडीत दिली. "डाक्टरपरीस शानी झालीस काय?" बाटली संपली आणि तू आधीपेक्षा जास्त तळमळायला लागलीस, तेव्हा तिच्या तळाला राहिलेला थेंब त्यानं स्वतः चाटला. नंतर त्या कंपाउंडरकडे पुन्हा गेला नाही. मी तेव्हापासून एक गोष्ट शिकले, ज्या औषधानं माणूस लगेच हसतं ते औषध नव्हे.

आणि मग तो म्हातारा आला. खालापूरकडचा, पूर्वी सरकारी मक्त्याच्या अफूच्या दुकानात अफू तोलून द्यायचा तोच. ज्यानं विकली तोच सोडवणार! वर म्हणे पैसा नको. फुकट देणारा माणूस मला पैसे घेणाऱ्याहून वाईट वाटतो. बानंही विचारलं, "तुमाला काय मिळनार यातून?"

"काय नाय. चोराच्या वाटा चोरालाच ठावं. मी बी खायचो. असाच सुटलो."

त्यानं सांगितलं ते असं. बाटलीभर पाण्यात अफू विरघळवायची. रोज सकाळी एक पळी तुला द्यायची आणि तेवढाच किराइताच्या पाल्याचा काढा बाटलीत ओतायचा. बाटली भरलेली राहणार, अफू मात्र रोज थोडी कमी. "आंगात पेटके येतील, नाका-डोळ्यांतनं पानी येईल, शिव्या देईल. रोजची पळी चुकवायची नाय, आन् वाढवायची बी नाय." मग त्यानं विचारलं, "घरात कुनावरच इस्वास ठेवत नाय, असं मानूस कोन हाय?" बा हसला आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं. म्हातारा तुझ्याकडे वळला. "बाय, या पोरीच्या हातनं घेशील?" तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "घीन."

किराईत इतकं कडू की माझी जीभ तिथं आंधळी झाली. आत अफू किती उरली, कळायला मार्ग नाही. म्हातारा खरं बोलतो की दुकानाचं गिऱ्हाईक टिकवतो, हेही कळेना. मी रोज काढा स्वतः उकळायची, बाटली भाताच्या कणगीत पुरून ठेवायची.

अजून दिसतं. सकाळ आहे, चुलीचा धूर घरभर आहे, तू भिंतीला टेकून थरथरतेस. मी पळी पुढे करते. तू म्हणतेस, "तू माजी आय झालीस काय गं?" एकदा तू माझे पाय धरतेस. आईनं लेकीचे पाय! "आजच्या दिस अर्दी पळी वाढीव दे गं बाय." मी रडते, बाटली पोटाशी धरून बसते आणि देत नाही. तू म्हणतेस, सासरी सुख लागायचं नाही तुला. आणि मग, आय, तू डोळे मिटून आ करतेस.

दिवाळी आली आणि बा तुला मुंबईला घेऊन गेला नाही. तू धाकट्याला उटणं लावत होतीस, हात जरा कापत होते एवढंच. सगळे म्हणाले, म्हाताऱ्यानं बरी केली, पोरीनं बरी केली. बाटली माझ्याकडे होती हे खरं, पण अफूचं दुकान माझ्याकडे नव्हतं. ते बाजाराच्या वाटेवरच होतं आणि तू एकटी बाजाराला जायचीस. मनात आणतीस तर कधीही घेतीस. आत गेलीसही असशील, कोण जाणे. पण नसशील गेली, तर तुला अडवलं कुणी? मी तर नाही. एका पोरीच्या हातून घेईन असं तू एकदा म्हणालीस आणि तेवढ्याशा शब्दावर राहिलीस. एवढं कसं जमलं तुला, हेच मला विचारायचं होतं.

कारण मला आता पोटात दुखतं, आय. तुझ्यासारखंच, रात्री जास्त. डॉक्टरनं थेंब दिले आहेत. पहिल्या दिवशीच चाटून बघितले, जीभ विसरलेली नाही. थेंब घेतले की बरं वाटतं. हल्ली सांगितल्यापेक्षा जास्त घेते. सून चांगली आहे. तिच्या हातात बाटली द्यावी, तू मोजून देत जा म्हणावं, एवढंच करायचं आहे. पण तिच्यापुढे आ करायचा म्हटलं की माझे दात घट्ट बसतात. पायांत पेटके येण्याची भीती नाही एवढी. ती नको म्हणाली तर मी तिला काय काय बोलेन, याची आहे.

आज सकाळी तिनं विचारलं, "आत्याबाई, औषध कुठं ठिवलंत?"

बाटली माझ्या ओच्यात होती. मी म्हणाले, संपलं.