न उकळलेलं पाणी

प्रिय ठमे,

कप आत फिरत होता आणि आई मायक्रोवेव्ह ओव्हनसमोर उभ्या होत्या. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात कॉफीच्या पुडीची बरणी. पाणी त्यांनी आधी एकदा तापवलं होतं. फोन आला, त्यात विसरल्या, आणि परत येऊन तेच पाणी पुन्हा चार मिनिटांसाठी आत ठेवलं. कप नवा होता, काचेचा, एक ओरखडा नसलेला. घंटी वाजली, आतला दिवा विझला, दाराची काच काळी झाली. आई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग दार उघडलं, कप ओट्यावर ठेवला. पाणी शांत होतं, एक बुडबुडा नाही. तापलंच नाही असं वाटून त्या वाकल्या आणि पुडीचा चमचा आत घातला. बूच उडावं तसा आवाज झाला. कपात पाणी उरलंच नाही.

पुढचं तुला माहीत आहे. मी त्यांना नळाखाली धरलं, वीस मिनिटं, घड्याळ बघून. हनुवटी, गळा, उजवा हात. शेजारीण टूथपेस्ट घेऊन आली, तिला मी हात लावू दिला नाही. तेही नंतर माझ्यावरच आलं: सासू भाजलीय आणि ही काही लावू देत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात काका सगळ्यांसमोर म्हणाले की न उकळलेलं पाणी आपोआप कसं उडतं, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगावं. आम्हा दोघींचं तीन आठवडे बोलणं नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं.

तेवढ्यात तू आलीस. नर्सचा गणवेश अंगावरच, तीन तासांचा प्रवास करून. आधी आईंना तपासलंस, मग काकांना आत नेऊन त्यांच्या भावजयीची हनुवटी खालून दाखवलीस. फेकलेलं पाणी वरून खाली ओघळतं, हे खालून वर गेलंय, म्हणालीस. आणि माफी मागेपर्यंत त्यांच्या घराची पायरी चढणार नाही, असंही सांगितलंस. लहानपणी तुझ्या वडिलांच्या जागी ज्यांनी तुला सायकल शिकवली, त्या काकांना. मी भिंतीला टेकून ऐकत होते. मला रडू आलं ते सगळ्यांनी पाहिलं. का आलं ते कुणाला कळलं नाही.

अबोला शिलाई मशीनवरून होता. तू मला फोनवर विचारलंस तेव्हा मी क्षुल्लक कारण म्हणून उडवून लावलं. क्षुल्लक नव्हतं. खोलीत माझं टेबल बसत नव्हतं म्हणून मी त्यांचं मशीन देऊन टाकलं. आईंना गेली चार वर्षं सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून विचारायची गरज मला वाटली नाही. त्या मशीनवर त्यांनी तुम्हा दोघांना वाढवलं. त्या बाहेरून आल्या, रिकाम्या जागेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि बोलणंच थांबलं. मीठ हवं असलं तरी निरोप तुझ्या दादामार्फत. तो कामावर गेला की घरात फक्त भांडी बोलायची. त्याला याचं हसू यायचं. म्हणायचा, मला पगार चालू करा, मी तुमचं पोस्ट ऑफिस झालोय.

हे पत्र शाळेच्या प्रयोगशाळेतून लिहितेय. मुलं गेलीत, बर्नर मोजून कपाटात ठेवलेत. समोर एका बशीत चिनी मातीचे तुकडे आहेत, फुटलेल्या बशांचे. फ्लास्कमध्ये दोन तुकडे टाकल्याशिवाय बर्नर पेटवायचा नाही, हे मी बावीस वर्षं दर वर्गाला सांगत आलेय. गुळगुळीत काचेत पाण्याला बुडबुडा धरायला जागा मिळत नाही. ते उकळायच्या पलीकडे तापतं आणि गप्प राहतं, आणि काही आत पडलं की एकदम उसळतं. ओव्हनमध्येही तेच होतं. म्हणून मी माझ्या कपात लाकडी काडी उभी ठेवते, एकदा तापवलेलं पाणी पुन्हा तापवत नाही, आणि घंटी वाजल्यावर मिनिटभर दार उघडत नाही. ओव्हन आणला त्या आठवड्यात आईंना हे सांगायला गेले होते. पहिल्याच वाक्याला त्या म्हणाल्या, मला पाणी तापवायला शिकवू नकोस. मी काडी माझ्या खणात ठेवली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. माझं सांगून झालं, असं मनाशी ठरवून टाकलं.

आता ते, जे मी दवाखान्यात वेगळं सांगितलं. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, हातात तुझ्या दादाचा शर्ट. तेच पाणी पुन्हा आत गेलेलं मी पाहिलं. कप कोणता तेही. चार मिनिटं कमी नसतात, ठमे. मला वाटलं, सांगावं. मग वाटलं, तीन आठवडे झाले, आधी मी का बोलू. इतकंच वाटलं. त्यांनी भाजावं असं वाटलं नाही, पण भाजतील हे मला माहीत होतं.

काल तुझा फोन आला. आईला तिकडे नेणार नाहीस, वहिनीइतकं तिला कुणी जपणार नाही, असं म्हणालीस. काकांचा निरोप आला होता, तोही परत पाठवलास. मी बरं म्हणून फोन ठेवला. माझ्या जिवावर तू आईला इथे ठेवते आहेस आणि माझ्यासाठी काकांना तोडते आहेस. पाण्याबद्दल काका चुकले, माझ्याबद्दल पूर्ण चुकले नाहीत. हे वाचून मग ठरव, आई कुठे राहणार ते. आईंनी डॉक्टरांना सांगितलं की ओट्यापाशी दुसरं कुणी नव्हतं. त्यांना माहीत नाही. तुला माहीत असायला हवं.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
वहिनी

ता. क. सकाळ झाली, पाकीट अजून चिकटवलेलं नाही. आईंच्या गळ्याची पट्टी बदलत होते. त्या म्हणाल्या, “तू मागे उभी होतीस. ओव्हनच्या काचेत दिसलीस.” मी हो म्हटलं. “वाट बघितली मी, तू काहीतरी बोलशील म्हणून.” मी पट्टी पुरी केली. मग त्यांनी कॉफी मागितली. मी कपात काडी उभी केली आणि ती कशासाठी ते सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. पत्र टाकायला निघते.