तुमच्या गाडीतला पिवळा दिवा

मुलुंड (पूर्व), सोमवार

ती. भाऊ,

लवूचा साष्टांग नमस्कार. तुमची पाठ, वहिनींची शुगर आणि माडीवरची नवी कौलं, तिन्ही जागेवर असतील अशी आशा करतो. आम्ही इकडे मजेत आहोत. (असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं.) फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही फोन स्पीकरवर टाकून पडवीत ठेवता आणि मी इथे शिंकलो की तिकडे अख्खी वाडी काढा सुचवते, म्हणून. हे पत्र एकट्याने वाचा. मे महिन्यात तुम्ही आमच्याकडे ठेवून गेलात ती तुमची गाडी सुखरूप आहे, हे आधीच सांगतो. आता पुढचं वाचून घाबरायला हरकत नाही.

जूनमधल्या न्यूमोनियानंतर तुमच्या आईंनी जेवण जवळजवळ सोडलंच, हे तुम्हाला ठाऊक आहे. चतुर्थीला गावी जायचं तर ट्रेन नाही, बस नाही, गाडीतच मागच्या सीटवर आडवं होऊन, आणि तेही वजन चाळीसच्या वर गेलं तरच, असं घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तेव्हा काटा अडतीसवर होता. चौसष्ट वर्षांत एक चतुर्थी चुकली नाही, हे आई मला दिवसातून चारदा सांगतात आणि मग भिंतीकडे बघत बसतात. ते बघवत नाही हो. म्हणजे आई आणि गाडी, दोघी धडधाकट पाहिजेत. नेमकी त्याच वेळी तुमच्या गाडीची तब्येत बिघडली.

डॉक्टरकडे जाताना विक्रोळीच्या सिग्नलला समोर एक पिवळा दिवा लागला. त्यावरचं चित्र मला पाण्याच्या नळासारखं दिसलं, म्हणून मी उतरून काच पुसायच्या टाकीत पाणी भरलं. (हसू नका. तुमच्या सूचनांच्या वहीत टायर पुसायच्या फडक्याचा रंग आहे, या दिव्याबद्दल एक ओळ नाही.) मग गाडी गचके खायला लागली, पेट्रोल घटाघटा प्यायला लागली आणि मागून इतका काळा धूर, की एका रिक्षावाल्याने शेजारी येऊन तुमच्या घराण्याचा उद्धार केला. गाडी तुमची असल्याने मी मनावर घेतलं नाही. आमच्या मजल्यावरच्या धवलने (हा कॉम्प्युटरवाला आहे, त्यामुळे सगळंच बंद करून चालू करतो) बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवली. दिवा गेला. मी त्याला चहा पाजला, वर शंकरपाळी दिली. तिसऱ्या दिवशी दिवा परत हजर.

शेवटी भांडुपला चंद्रप्रकाश मेकॅनिककडे गेलो. त्याने स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडलं आणि सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर. सायलेन्सरच्या पाइपात बसून हा धुरातला उरलेला ऑक्सिजन हुंगतो आणि इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते कळवतो. थोडक्यात, गाडीचं नाक. ते बिघडलं की गाडी आंधळेपणाने पेट्रोल ओतत सुटते. बदलायचं म्हणजे काय, फिरवून काढायचं आणि नवं लावायचं, असं मला वाटलं. पण दहा वर्षांच्या गंजाने ते पाइपाला चिकटलेलं. "आटे गेले तो पूरा पाइप गया साब, पंधरा दिन लगेंगे," असं म्हणून त्याने तेल मारलं, इंजिन गरम केलं, पुन्हा तेल मारलं. चतुर्थी तेव्हा सतरा दिवसांवर. तो पान्याला लटकला की मी डोळे मिटायचो. तीन वेळा नुसतं कर्र झालं. चौथ्यांदा काजळी धरलेलं ते नाक बाहेर आलं आणि मी गॅरेजमध्येच, तेलाच्या डब्यावर, मटकन बसलो. पँट तेव्हापासून बादलीत भिजतेय.

नवा सेन्सर लागला, दिवा विझला. पुढच्या बुधवारी तुमच्या बहिणीला, वनमालाला, आणि आईंना घेऊन डॉक्टरकडून परत येत होतो, तर कांजूरमार्गला दिवा पुन्हा लागला! तसाच दोघींसकट गाडी गॅरेजात घातली. नवा माल असा जात नाही, वायर बघू, म्हणून चंद्रप्रकाश टॉर्च घेऊन इंजिनात घुसला. वायर वरच्या बाजूला तांब्यापर्यंत कुरतडलेली. शेजारी उंदराचा संसार: तुमच्या पिवळ्या फडक्याच्या चिंध्या आणि एक अर्धा सुका बोंबील. तो त्याने पक्कडीत धरून, सगळ्यांच्या देखत, उजेडात आणला.

भाऊ, दिवस श्रावणातले. तुमच्या बहिणीच्या घरात श्रावणात मासळीचं नावसुद्धा घेत नाहीत. तिचं नाक त्या सेन्सरपेक्षा तिखट. तीन आठवडे ती गाडीत बसली की वास येतो म्हणायची आणि मी कांजूरच्या डम्पिंग ग्राउंडकडे बोट दाखवायचो, अगदी काचा बंद असतानाही. "उंदीर खंयसून तरी घेवन इलो आसतलो," आई मागच्या सीटवरून घाईघाईने म्हणाल्या. वनमालाने बोंबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, उंदराने हा भाजला कुठे?"

मी काहीतरी उत्तर दिलं. ते खाली येईलच. वायरचा तुकडा बदलला, वरून जाळी गुंडाळली. गेले पाच दिवस दिवा लागलेला नाही. काल घोडबंदरपर्यंत जाऊन आलो, रस्त्यापेक्षा दिव्याकडेच जास्त बघत. आणि मुख्य म्हणजे आईंचं वजन चाळीस किलो चारशे ग्रॅम! टॉनिक कोणतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "हवा," आई म्हणाल्या. अमावास्या टळली की शनिवारी पहाटे निघतो. सावकाश येऊ, वाट बघा. वहिनींना नमस्कार, मांजराला लाथ न मारता सांभाळा, आता त्याची किंमत मला कळलीय.

तुमचा,
लवू

ता. क. : बोंबील मीच ठेवला होता. आईंना कशालाच चव लागेना, आणि एके दिवशी माझ्या कानाशी येऊन त्यांनी सुकटीची चटणी मागितली. श्रावणाचं काय, विचारलं तर म्हणाल्या, "देवाक सांगान ठेवलंय मी." भांडुपच्या बाजारातून तयार चटणी आणि भाजलेले बोंबील आणून डिकीत लपवले. बॅटरी उतरू नये म्हणून रोज संध्याकाळी गाडी चालू करायला मी खाली जायचो, आई हवा खायला यायच्या. पदराखाली भाकरी असायची. काचा वर करून दोघं जेवायचो. भाऊ, त्या बोटं चाटायच्या तेव्हा मला रडू यायचं.

ता. क. २ : वनमालाला मी असं सांगितलंय की बोंबील तुम्हीच मे महिन्यात गाडीत विसरलात. तेवढं कृपा करून कबूल करा. पत्राचं कारण खरं म्हणजे हेच.

*

भाऊ, पत्ता लिहायला पाकीट यांनी माझ्याकडे दिलं (यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही). वाचलं. बोंबील तू विसरलास म्हण, मी तुझ्यावर चिडेन, म्हणजे हे निर्धास्त होतील. आईच्या पदराखाली रोज दोन गरम भाकऱ्या कुठून येतात, हा प्रश्न यांना एकदाही पडला नाही. ताटात वाढलं तर ती अर्धीसुद्धा संपवत नव्हती रे. चोरून खायचं म्हटलं की दोन खाते. श्रावण माझ्या घरात आहे, तुझ्या गाडीत थोडाच आहे? उंदराचं मात्र मला ठाऊक नव्हतं. शनिवारी किलोभर सुकट आणून ठेव, आणि ती माझ्यापासून लपवून ठेवलीय असं आईला सांग. — वनमाला